मेडिकल बिझनेससाठी लोगो बनवताय? मग हे आधी वाचा

क्लिनिक असो, पॅथॉलॉजी लॅब असो, फार्मसी असो नाहीतर मेडिकल डिव्हाइस बनवणारी छोटी कंपनी, लोगोचा विषय निघाला की पहिल्या दहा मिनिटांत कागदावर त्याच चार गोष्टी उतरतात. प्लसचं चिन्ह, हृदय, हृदयातून जाणारी ईसीजीची रेघ आणि स्टेथोस्कोप. यात वाईट काहीच नाही, पण सगळ्यांनी तेच काढलंय त्यामुळे तुमचं नाव त्या गर्दीत हरवतं. आणि यातलं एक चिन्ह तर एका विशिष्ट रंगात वापरायलाच बंदी आहे, त्यावर पुढे येतेच.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. मेडिकल लोगो बघणारा माणूस बऱ्याचदा स्वतः आजारी असतो नाहीतर त्याच्या जवळचं कोणीतरी आजारी असतं. तो तुमच्या डिझाइनचं कौतुक करायला आलेला नसतो, तो दार शोधत असतो, हातातला रिपोर्ट खरंच त्याच लॅबचा आहे ना हे बघत असतो, मागच्या वेळी घेतलेलं औषधाचं खोकं हेच का ते तपासत असतो. म्हणून इथे लोगोचं पहिलं काम म्हणजे पटकन ओळखू येणं आणि दुसरं काम म्हणजे घाबरलेल्या माणसाला अजून न घाबरवणं. स्टाइल, वेगळेपणा वगैरे सगळं त्यानंतर. मी जेव्हा जेव्हा हा क्रम उलटा केला तेव्हा तो लोगो मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागलाय.

आता सुरुवात कुठून करायची, तर स्केचपासून नाही, यादीपासून. लोगो नेमका कुठे कुठे लागणार आहे ते लिहून काढा. प्रिस्क्रिप्शनचा कागद, रिपोर्टचं हेडर, रबरी शिक्का, कोटाच्या खिशावरची एम्ब्रॉयडरी, सॅम्पलच्या ट्यूबवरचं लेबल, रात्री पेटणारा बोर्ड, अ‍ॅपचा आयकॉन, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. बघा, यातल्या निम्म्या जागा इवल्याशा आहेत आणि बऱ्याच ठिकाणी रंगच नाहीये. एका लॅबसाठी मी सुरुवातीच्या काळात निळ्यातून हिरव्यात जाणारे पाच गोल एकमेकांत गुंफून लोगो केला होता, स्क्रीनवर फार सुंदर दिसायचा, सगळ्यांना आवडला, आणि मग तो थर्मल प्रिंटरच्या लेबलवर गेला. थर्मल प्रिंटर फक्त काळा ठिपका देतो किंवा देत नाही, मधली छटा त्याला कळत नाही, त्यामुळे पाच गोलांचा एक काळा डाग झाला आणि तिथल्या स्टाफने दोन दिवसांत लोगो काढून टाकून नुसतं नाव टाइप करायला सुरुवात केली. तेव्हापासून मी उलटं करते, आधी सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात वाईट छपाईच्या जागेसाठी लोगो बनवते, तिथे चालला की बोर्डावर तो चालतोच.

मालकाला विचारायचे प्रश्न मी थोडक्यात सांगते. तुमच्याकडे येणार कोण, पेशंट स्वतः, का दुसरे डॉक्टर पेशंट पाठवणार, का हॉस्पिटलचं खरेदी खातं? पेशंटसाठीचा लोगो जरा जवळचा, मऊ असला तर बरा वाटतो, खरेदी खात्यासमोर मात्र नीटनेटका आणि नेमका दिसणारा जास्त चालतो. दुसरं, पाच वर्षांनी अजून काय सुरू करणार आहात? लोगोत दाढ काढून ठेवली आणि नंतर त्याच छपराखाली स्किनचा विभाग उघडला तर ती दाढ गळ्यात अडकते. तिसरं, नाव फायनल आहे का? नाव पक्कं नसेल तर थांबा, खरंच थांबा, नाव बदललं की सगळं काम पहिल्यापासून.

आता चिन्हांकडे येऊ, कारण मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पांढऱ्यावर लाल क्रॉस वापरायचा नाही. कितीही साधा वाटला, कितीही ठिकाणी दिसत असला तरी नाही. ते मेडिकलचं सर्वसाधारण चिन्ह नाहीच मुळी, १८६४ च्या जिनिव्हा करारात ते युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्यांची खूण म्हणून ठरलं, स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून. गोळीबार चालू असताना या गाडीवर, या तंबूवर नेम धरू नका असं सांगणारी ती खूण आहे, आणि तिचा अर्थ पातळ झाला तर त्याची किंमत कोणीतरी जीवाने मोजतं. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कन्व्हेन्शनच्या ५३ व्या कलमात खाजगी व्यक्ती आणि कंपन्यांना हे चिन्ह वापरायला बंदी आहे, त्याची नक्कल करायलाही बंदी आहे, आणि लाल जमिनीवरचा पांढरा क्रॉस, म्हणजे खुद्द स्विस चिन्ह, तोही बंदीत येतो. त्यामुळे कोपरे गोल केले, रंग थोडा केशरीकडे नेला, मध्ये हृदय घातलं, या पळवाटा काढू नका. लाल चंद्रकोर आणि २००५ साली आलेला लाल स्फटिक यांनाही असंच संरक्षण आहे. क्लायंट लालच हवा म्हणून हट्ट धरतो तेव्हा त्याला युद्धातला हा अर्थ सांगा. नियमाचा नंबर सांगून जे पटत नाही ते यानं पटतं असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या रंगातला प्लस चालतो, पण हिरव्या क्रॉसबद्दल एक लक्षात ठेवा की युरोपातल्या बऱ्याच देशांत हिरवा क्रॉस म्हणजे औषधाचं दुकान. क्लिनिकवर तो लावला तर लोक गोळ्या मागायला आत येतील.

मग साप आणि काठी. इथे दोन वेगळी चिन्हं आहेत आणि लोक त्यांची सर्रास अदलाबदल करतात. एका काठीला एकच साप गुंडाळलेला, पंख नाहीत, ती अ‍ॅस्क्लेपियस या ग्रीक वैद्यदेवाची काठी, वैद्यकीचं खरं चिन्ह ते. दोन साप आणि वर पंख असतील तर तो कॅड्युसिअस, हर्मिस देवाचा दंड, आणि हर्मिस हा निरोप पोचवणाऱ्यांचा आणि व्यापाराचा देव. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये कॅड्युसिअस घेतला आणि तिथून हा गोंधळ फार वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात बघाल तर एकच साप आहे. तुम्हाला साप वापरायचाच असेल तर एक साप, एक काठी. पण संघटनेचं बोधचिन्ह जसंच्या तसं किंवा त्याच्या जवळ जाणारं काही उचलू नका, तेही संरक्षित आहे. तसंच सहा पाकळ्यांचा निळा तारा ज्यात हीच काठी असते, ती इमर्जन्सी अ‍ॅम्ब्युलन्स सेवेची खूण आहे, साध्या ओपीडीवर तो लावणं म्हणजे पेशंटची दिशाभूल.

अजून दोन चिन्हांपासून लांब राहा. रेडिएशनचं तीन पात्यांचं चिन्ह आणि बायोहॅझर्डचं, म्हणजे जैविक धोक्याचं चिन्ह. इमेजिंग सेंटरच्या लोगोत ती तीन पाती घालायचा मोह होतो कारण आकार छान आहे, पण ती धोक्याची सूचना आहे. त्याच बिल्डिंगमध्ये खऱ्या एक्स-रे रूमच्या दारावर तेच चिन्ह 'आत येऊ नका' म्हणून लावलेलं असणार, आणि तुम्ही तेच 'या या' म्हणून बोर्डावर लावणार, हे चालत नाही. डिव्हाइस कंपनी असेल तर आयएसओ १५२२३-१ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या लेबलवरच्या खुणा एकदा नजरेखालून घाला, उदाहरणार्थ गोलात २ आणि त्यावर तिरकी रेघ म्हणजे 'पुन्हा वापरू नका'. तुमचा लोगो लेबलवर अशाच खुणांच्या शेजारी छापला जाणार आहे, तो त्यातलाच एक वाटता कामा नये.

चिन्ह कायदेशीर असलं तरी ते बरोबर काढलंय का हा वेगळा प्रश्न. पेशंटला कळणार नाही कदाचित, पण शेजारच्या डॉक्टरला एका सेकंदात कळतं आणि मग त्याला वाटतं की यांना हेही माहीत नाही तर बाकी काय माहीत असणार. ईसीजीची रेघ म्हणजे नुसते वर-खाली त्रिकोण नसतात, आधी एक छोटा गोलसर उंचवटा, मग टोकदार उंच झेप, मग परत एक गोलसर उंचवटा, डॉक्टर त्यांना अनुक्रमे पी, क्यूआरएस आणि टी म्हणतात. डीएनएची शिडी उजव्या पिळाची असते, साधा स्क्रू उभा धरला की आटे जसे खाली डावीकडून वर उजवीकडे जातात तशी, आणि स्टॉक फोटोंमध्ये ती उलटी काढलेली कितीतरी वेळा सापडते, कारण कोणीतरी चित्र आरशासारखं फिरवलेलं असतं. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. खालच्या दाढेला साधारण दोन मुळं, वरच्या दाढेला तीन. लोगोत एवढा तपशील दाखवायचा नाहीये, सोपं करायचंच आहे, पण सोपं करताना चुकीचं होऊ द्यायचं नाही, आणि फायनल करण्याआधी त्या विषयाच्या एका डॉक्टरला दाखवून घ्यायचं.

बरं मग काढायचं काय? माझं उत्तर असं आहे की त्या कामाच्या आत जा. त्या डॉक्टरच्या टेबलावर, त्यांच्या फॉर्मवर, त्यांच्या रोजच्या खुणांमध्ये शोधा, तिथे इतका सुंदर माल पडलेला असतो की हृदय आणि हात आठवतही नाहीत.

उदाहरणं देते म्हणजे कळेल. डोळ्यांच्या तपासणीत लँडोल्ट रिंग नावाची एक खूण असते, एक जाड गोल आणि त्याला एक फट, फट कुठल्या बाजूला आहे ते पेशंटने सांगायचं. तिच्या रेषेची जाडी आणि फटीची रुंदी दोन्ही बाहेरच्या व्यासाच्या बरोबर एक पंचमांश असतात. म्हणजे प्रमाण तयार आहे, आकार इंग्रजी सी सारखा आहे, एका रंगात छापता येतो, लहान केला तरी टिकतो, लोगोसाठी अजून काय हवं! कानाच्या तपासणीत ऑडिओग्रामवर उजव्या कानाची खूण लाल गोल आणि डाव्या कानाची निळी फुली असते, हिअरिंग सेंटरसाठी त्या एका जोडीतून किती काय काढता येईल. डेंटिस्ट लोक तोंडाचे चार भाग करतात, एक उभी रेघ आणि एक आडवी, पामर पद्धतीत त्याच्याच कोपऱ्यात दाताचा नंबर लिहितात, आणि तो कोपरा म्हणजे प्लसच्या चिन्हाचा एक चतुर्थांश भाग आहे. फिजिओथेरपीवाले सांध्याचा कोन मोजतात, दोन पट्ट्या आणि एक कमान. लॅबमध्ये ९६ खळग्यांची प्लेट असते, ८ आडव्या ओळी आणि १२ उभ्या, त्या ठिपक्यांमधून अक्षर उठवता येतं (फक्त लहान साइझला ठिपके कमी करावे लागतात, ९६ ठिपके नखाएवढ्या जागेत मावत नाहीत). अशा खुणेचा फायदा दुहेरी आहे, पेशंटला एक साधा नीट आकार दिसतो आणि त्या क्षेत्रातल्या माणसाला वाटतं की ही आपली माणसं आहेत.

कामातून काही सापडलं नाही तर नावाचं पहिलं अक्षर घ्या. आणि तेही जमलं नाही तर नुसतं नाव नीट लिहा. चिन्ह असलंच पाहिजे असा कुठलाच नियम नाही, चांगल्या अक्षरात लिहिलेलं नाव हा पूर्ण लोगो आहे.

अक्षरांबद्दल बोलायचं तर सध्या हेल्थच्या सगळ्या लोगोंमध्ये बारीक, फिकट, राखाडी अक्षरं दिसतात. मोबाइलच्या स्क्रीनवर ती नाजूक वाटतात आणि फोटोकॉपीत गायब होतात. जरा भरीव वजन घ्या. ज्या फॉन्टमध्ये कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एकचा आकडा सारखे दिसतात तो मेडिकलसाठी घेऊ नका, नाव चुकीचं वाचलं गेलं तर फोनवर चुकीचं सांगितलं जातं. नाव देवनागरीतही लागणार असेल तर ते शेवटी उरकायचं काम समजू नका, दोन्ही लिप्या एकत्रच डिझाइन करा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात त्यामुळे तिला उंची जास्त लागते, इंग्रजीच्या पट्टीत कोंबली की अक्षरं बारीक होतात. मुक्ता, हिंद, बलू, पॉपिन्स हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांच्यात दोन्ही लिप्या आहेत, सुरुवातीला त्यांच्यात नाव टाइप करून बघा. मराठीत आपण ल आणि श जसे लिहितो ते आकार बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप येत नाहीत, हिंदी वळणाचे येतात, तेवढं तपासा.

रंग सगळ्यात शेवटी. खरंच, पूर्ण लोगो काळ्या-पांढऱ्यात मंजूर होईपर्यंत रंगाची फाइल उघडायची नाही, कारण एकदा रंग दिसला की क्लायंट आकाराबद्दल बोलणं बंद करतो आणि 'अजून जरा डार्क ब्लू' यातच तीन मीटिंगा जातात. निळा आणि हिरवा मेडिकलमध्ये इतका का, तर त्यामागे थोडा इतिहासही आहे. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जनला पांढऱ्याशुभ्र ऑपरेशन थिएटरचा डोळ्यांना त्रास व्हायचा म्हणून त्यांनी तिथे पालकाच्या पानासारखा हिरवा आणला, लाल रक्ताकडे बघून थकलेल्या डोळ्याला हिरवा आराम देतो. म्हणून हे रंग लोकांच्या डोक्यात हॉस्पिटलशी जोडले गेलेत, घ्यायला हरकत नाही, पण छटा नीट निवडा. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि फिकट निळा-हिरवा यातला फरक कमी दिसायला लागतो, आणि मेडिकलमध्ये येणारे लोक बरेचसे वयस्करच. म्हणजे पांढऱ्यावर आकाशी अक्षरं हा तुमच्याच पेशंटवर अन्याय आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १२ पुरुषांमागे १ आणि २०० बायकांमागे १ जणाला लाल-हिरव्याचा फरक कमी कळतो, त्यामुळे नुसत्या लाल-हिरव्या फरकावर लोगोचा अर्थ उभा करू नका. वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि जमीन यांच्या उजळपणातला फरक, लागतो, लोगोला त्यातून सूट आहे, पण ती सूट मेडिकलवाल्यांनी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

टेस्टिंगला एक अख्खा दिवस द्या. लोगो १० मिलिमीटर रुंदीत छापा. त्या कागदाची फोटोकॉपी काढा, त्या फोटोकॉपीची परत फोटोकॉपी, असं तीन वेळा, कारण मेडिकल फाइलचं आयुष्य असंच असतं, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, इन्शुरन्सकडे, परत घरी. १६ बाय १६ पिक्सेलमध्ये ब्राउझरच्या टॅबवर टाका. काळ्या जमिनीवर पांढरा करून बघा. चष्मा लागणाऱ्या एखाद्या आजींना चष्मा न लावता दाखवा. मग दोन-तीन अनोळखी लोकांना पाच सेकंद दाखवून झाका आणि विचारा, काय पाहिलं, हे ठिकाण कशाचं असेल. 'आवडलं का' हे विचारू नका, त्या प्रश्नाचं उत्तर काहीच कामाचं नसतं. आणि फॅमिली ग्रुपवर सहा ऑप्शन टाकून मतदान तर अजिबात नको, तीन ऑप्शनच्या वर क्लायंटलासुद्धा दाखवू नका.

मग ट्रेडमार्क. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे, नाव तर शोधता येतंच, चित्र अपलोड करूनही मिळतंजुळतं काही आहे का बघता येतं. त्यानंतर आपल्या देशाच्या ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर शोधा. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग असतात, औषधं ५ मध्ये, उपकरणं १० मध्ये, क्लिनिक आणि उपचार सेवा ४४ मध्ये, अ‍ॅप असेल तर ९ मध्ये. स्वतःचा शोध झाल्यावर एकदा वकिलाला दाखवा, औषधांच्या बाबतीत तर नक्कीच, तिथे मिळतंजुळतं नाव-चिन्ह म्हणजे चुकीचं औषध पोटात जायचा धोका. रेडीमेड आयकॉन विकत घेऊन लोगो करणाऱ्यांनी लायसन्स वाचा, बहुतेक ठिकाणी ते आयकॉन ट्रेडमार्क करायला परवानगी नसते, आणि तोच आयकॉन उद्या दुसऱ्या क्लिनिकवर दिसला तर तुम्ही काही करू शकत नाही. एआयकडून काढून घेतलेल्या चित्राचंही बघा, माणसाचा सर्जनशील हात नसलेल्या चित्राला कॉपीराइट देत नाही असं अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने स्पष्ट सांगितलंय. आयडिया शोधायला वापरा हवं तर, फायनल आकार हाताने, मोजून मापून काढा.

शेवटी फाइली. मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत अशी), तिच्यापासून एसव्हीजी आणि पीडीएफ, पारदर्शक बॅकग्राउंडची पीएनजी, प्रत्येकाच्या रंगीत, काळी आणि पांढरी अशा तीन आवृत्त्या, आडवी आणि उभी मांडणी, आणि नुसतं चिन्ह. अ‍ॅप असेल तर अ‍ॅपलसाठी १०२४ बाय १०२४ आणि प्ले स्टोअरसाठी ५१२ बाय ५१२ पिक्सेल. एम्ब्रॉयडरी आणि शिक्क्यासाठी वेगळी सोपी आवृत्ती करा, बारीक टॅगलाइन काढून टाका, धाग्यात ५-६ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर वाचता येत नाही. एका पानावर रंगांचे आकडे लिहा, स्क्रीनसाठी आरजीबी, छपाईसाठी सीएमवायके आणि जमलं तर पँटोन, म्हणजे तयार शाईचा नंबर, सोबत लोगो किमान किती मोठा हवा आणि आजूबाजूला किती जागा मोकळी सोडायची ते. डिझाइनरकडून करून घेतला असेल तर हक्क तुमच्या नावावर केल्याचं लेखी घ्या आणि फॉन्टचं लायसन्स कोणाकडे आहे ते विचारा. छपाईवाल्याला जेपीजी पाठवू नका, पीडीएफ द्या, अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदलून. आणि बोर्ड असो की लेटरहेड, पहिला प्रूफ दिवसाच्या उजेडात हातात घेऊन बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर सोडू नका.